ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर घरचा प्रिंटर छापेनासा झाला तर : क्रमाने करायची तपासणी

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमला मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे कोल्हापुरातल्या अनेक घरांतले, वकिलांच्या आणि करसल्लागारांच्या घरगुती कचेऱ्यांतले, शिकवण्या घेणाऱ्यांच्या खोल्यांतले संगणक विंडोज ११वर गेले. संगणक सुरू झाला, फायली जागच्या जागी सापडल्या, इंटरनेटही मिळाले. पण सातबाऱ्याची प्रत, मुलीचे विद्यापीठाचे हॉल तिकीट किंवा उद्यमनगरातल्या गिऱ्हाइकाचे जीएसटी बिल छापायची वेळ आली, तेव्हा प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागला किंवा यादीतून नाहीसाच झाला. ज्यांच्याकडे असे घडले आहे त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा संगणक अजून बदलायचा आहे त्यांच्यासाठीही, हा लेख लिहिला आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. अशा वेळी प्रिंटर स्वतः बहुधा ठणठणीत असतो. बिघडलेली असते ती संगणकापासून प्रिंटरपर्यंतची वाट, आणि या वाटेवर चारच ठिकाणे प्रामुख्याने अडतात : जोडणीचे पोर्ट, छपाईची रांग, ड्रायव्हर (संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) आणि मूळ निवड, म्हणजे कोणत्या प्रिंटरवर आणि कोणत्या आकाराच्या कागदावर छापायचे ती नोंद. म्हणून तपासणी प्रिंटरच्या टोकाकडून सुरू करून संगणकाकडे यावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर एक पान छापून पाहावे. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर प्रिंटर सुरू झाला तरी तो कशामुळे सुरू झाला हे कळत नाही, आणि पुढच्या अद्ययावतीकरणानंतर तीच अडचण पुन्हा आली की सारे पहिल्यापासून करावे लागते.

नेमके काय बदलले आहे

‘अपग्रेड केले’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. पहिल्या प्रकारात जुन्या विंडोजवरच नवी आवृत्ती चढवलेली असते; तेव्हा प्रिंटरचे जुने ड्रायव्हर आणि नोंदी बहुतेक करून सोबत येतात, फक्त त्यातली एखादी कडी निखळते. दुसऱ्या प्रकारात दुकानदाराने डिस्क पुसून नवी विंडोज घातलेली असते. तेव्हा ड्रायव्हर, फाँट, कागदाच्या नोंदी यांतले काहीच उरलेले नसते. तिसऱ्या प्रकारात जुना संगणकच बाजूला पडून त्याच्या जागी नवा लॅपटॉप आलेला असतो.

दुसऱ्या प्रकारातला एक धागा विशेष लक्षात ठेवावा. विंडोज १० ही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही रूपांत मिळत होती. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. जुना संगणक ३२ बिट विंडोजवर चालत असेल, तर प्रिंटरसोबत आलेल्या सीडीवरचा किंवा जपून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरचा ३२ बिट ड्रायव्हर आता चालणार नाही, मग तो कितीही वर्षे बिनतक्रार चाललेला असो. तसेच नवा लॅपटॉप स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरचा असेल, तर त्याला इंटेल आणि एएमडीसाठी लिहिलेले प्रिंटर ड्रायव्हर बसत नाहीत, एआरएम६४साठीचाच लागतो. आपला संगणक कोणत्या प्रकारचा आहे हे ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ आणि त्यातील ‘अबाउट’ या पानावर ‘सिस्टिम टाइप’ या ओळीत लिहिलेले असते. ही ओळ कागदावर उतरवून घ्यावी. पुढे ड्रायव्हर शोधताना तीच उपयोगी पडते.

पहिली पायरी : संगणकाशिवाय प्रिंटर तपासणे

यूएसबी केबल काढून ठेवावी आणि प्रिंटरला एकट्यानेच एक पान छापायला लावावे. तिन्ही कामे करणारा, म्हणजे छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन करणारा प्रिंटर असेल तर काचेवर एखादा कागद ठेवून झेरॉक्सचे बटण दाबणे एवढीच चाचणी पुरते. इतर प्रिंटरमध्ये ठरावीक बटण काही क्षण दाबून ठेवले की चाचणी पान निघते; कोणते बटण, ते पुस्तिकेत दिलेले असते. ज्या साध्या लेझर प्रिंटरवर असे बटणच नसते, तो शेजाऱ्यांच्या, आधीपासून त्याच जातीचा प्रिंटर वापरणाऱ्या संगणकाला जोडून पाहावा.

हे पान नीट निघाले तर टोनर, शाई, रोलर, कागद यांचा विषय संपला आणि पुढची सारी तपासणी संगणकात करायची आहे हे पक्के झाले. पान निघालेच नाही, तर त्या दिवशी अपग्रेड झाले हा योगायोग आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतकी ओल असते की उघड्या ट्रेमध्ये राहिलेला कागद दमट होतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात आणि कागद अडकतो. गगनबावडा, राधानगरीकडच्या घरांत तर हे दरवर्षीचेच आहे. असा कागद बदलून नव्या पुडक्यातला घालावा. शाईच्या टाकीचा प्रिंटर महिनाभर बंद होता आणि पान फिके किंवा रेघांचे आले, तर हेडची सफाई एकदोनदा करावी. सतत करत राहिल्यास शाई वाया जाते आणि ती शोषणारा आतला पॅड लवकर भरतो.

दुसरी पायरी : केबल, पोर्ट आणि ‘कॉपी १’

प्रिंटर आधी ज्या यूएसबी खाचेत जोडलेला होता त्याच खाचेत पुन्हा जोडावा. खाच बदलली किंवा अपग्रेडने यूएसबीची मांडणी नव्याने केली, की विंडोज कधी कधी त्याच प्रिंटरला नवा समजून यादीत दुसरी नोंद करते आणि तिच्या नावापुढे ‘कॉपी १’ असे लिहिते. जुनी नोंद मात्र तशीच राहते, मूळ प्रिंटर म्हणून तीच निवडलेली असते आणि तिच्याकडे पाठवलेले प्रत्येक काम कुठेच पोहोचत नाही. अशा वेळी प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो, आणि घरातली माणसे तासभर केबल हलवत बसतात.

‘सेटिंग्ज’, मग ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ असे जावे. एकाच प्रिंटरच्या दोन नोंदी दिसल्या तर दोन्हींवरून ‘प्रिंट टेस्ट पेज’ देऊन पाहावे, जिच्यातून पान निघेल ती ठेवावी आणि दुसरी ‘रिमूव्ह’ करावी. एकच नोंद असून ती ऑफलाइन असेल, तर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ हा भाग उघडावा. तिथे यूएसबी००१, यूएसबी००२ अशा ओळी असतात. टिक केलेली ओळ चुकीची असेल तर दुसऱ्या ओळीवर टिक करून चाचणी पान द्यावे. किरकोळ वाटणाऱ्या या एका खुणेने बंद प्रिंटर पुन्हा सुरू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, म्हणून ड्रायव्हरला हात लावण्याआधी हे पाहावेच.

‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावर खाली ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हा पर्याय असतो. तो चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटरच विंडोज मूळ प्रिंटर धरते, आणि त्या आधी कुणी पीडीएफ करून ठेवली असेल तर ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हाच मूळ प्रिंटर होऊन बसतो. घरात एकच प्रिंटर असेल तर हा पर्याय बंद करावा आणि आपल्या प्रिंटरच्या पानावर ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबावे.

तिसरी पायरी : अडकलेली रांग मोकळी करणे

छपाईला पाठवलेले प्रत्येक काम आधी ‘प्रिंट स्पूलर’ नावाच्या सेवेकडे जाते आणि तिथे रांगेत थांबते. अपग्रेडच्या वेळी एखादे काम अर्धवट राहिले असेल, तर ते ना छापले जाते ना खोडता येते, आणि त्याच्या मागची सगळी कामे अडून राहतात. रांगेत ‘डिलीटिंग’ असे लिहून तासन्‌तास काहीच घडत नसेल तर हेच झाले आहे असे समजावे.

उपाय असा. प्रिंटर बंद करावा. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘सर्व्हिसेस’ असे टाइप करून त्या नावाची खिडकी उघडावी, यादीतली ‘प्रिंट स्पूलर’ ही ओळ शोधून तिच्यावर उजवी टिचकी द्यावी आणि ‘स्टॉप’ निवडावे. मग फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘सिस्टिम३२’, त्यात ‘स्पूल’ आणि त्यात ‘प्रिंटर्स’ या फोल्डरपर्यंत जावे. परवानगी विचारली तर द्यावी. या फोल्डरच्या आतल्या फायली तेवढ्या काढून टाकाव्यात; फोल्डर स्वतः काढू नये, आणि शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला अजिबात हात लावू नये. त्यानंतर सर्व्हिसेसच्या खिडकीत परत येऊन ‘स्टार्ट’ द्यावे, प्रिंटर चालू करावा आणि एकच पान पाठवावे. स्पूलर सुरू केल्यावर काही क्षणांत आपोआप पुन्हा बंद पडत असेल, तर एखादा ड्रायव्हर नव्या सिस्टिमशी जुळत नाही, असा संशय घ्यायला जागा आहे, आणि तेव्हा पुढची पायरी टाळता येत नाही.

चौथी पायरी : ड्रायव्हर काढून नव्याने बसवणे

येथे थोडे थांबावे लागेल, कारण सर्वाधिक गोंधळ आणि सर्वाधिक फसवणूक याच टप्प्यावर होते.

प्रिंटरला समजेल अशा भाषेत पान पोहोचवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. अलीकडचे बरेच प्रिंटर आयपीपी ही सर्वमान्य पद्धत ओळखतात आणि त्यांना विंडोज स्वतःचाच ‘आयपीपी क्लास ड्रायव्हर’ लावून देते. प्रिंटर कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याची योजना मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केली. याचा अर्थ जुने प्रिंटर निकामी झाले असा नाही. बसवलेले ड्रायव्हर चालत राहतात आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेलेही बसवता येतात. मात्र अपग्रेडनंतर विंडोजने आपला साधा ड्रायव्हर लावला असेल, तर छपाई होते पण शाईची पातळी दिसत नाही, कडेपर्यंत फोटो छापायचा पर्याय हरवतो किंवा दोन्ही बाजूंनी छापण्याची सोय सापडत नाही. तेव्हा कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर बसवावा.

आपल्या भागात कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० हे जुने, दणकट, एकरंगी लेझर प्रिंटर अजून घरोघरी आणि सेवा केंद्रांत दिसतात. हे प्रिंटर पानाची मांडणी स्वतः करत नाहीत. ते काम संगणकातला ड्रायव्हर करतो. एचपी १०२०ला तर दर वेळी चालू झाल्यावर आपले फर्मवेअरही, म्हणजे प्रिंटरला आतून चालवणारा प्रोग्रॅमही, संगणकाकडूनच मिळवावे लागते. म्हणून ‘जवळपासच्या’ दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकून यांच्याकडून काम होत नाही. नेमका त्याच मॉडेलचा आणि ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो. विंडोज ११चे नाव कंपनीच्या यादीत दिसले नाही तर विंडोज १०चा ६४ बिट ड्रायव्हर घ्यावा, तो बहुतेक वेळा चालतो. असा प्रिंटर केवळ अपग्रेडमुळे भंगारात काढणे मला मुळीच पटत नाही. टोनर भरून मिळतो, सुटे भाग मिळतात आणि ड्रायव्हरही मिळतो.

जुना ड्रायव्हर मुळापासून काढण्याचा क्रम पाळावा. आधी यूएसबी केबल काढावी. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये प्रिंटरची नोंद ‘रिमूव्ह’ करावी. त्याच पानाच्या तळाशी ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ हा दुवा आहे. तो उघडून ‘ड्रायव्हर्स’ या भागात जावे, आपल्या प्रिंटरचे नाव निवडून ‘रिमूव्ह’ दाबावे आणि ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा दुसरा पर्याय घ्यावा. ड्रायव्हर वापरात आहे असा निरोप आला, तर मागच्या पायरीप्रमाणे स्पूलर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा आणि लगेच, कोणतेही काम न पाठवता, ड्रायव्हर काढावा. केवळ नोंद काढून हे पॅकेज तसेच ठेवले, तर केबल जोडताच विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा उचलते, आणि ‘तीनदा नव्याने बसवला तरी तेच’ अशी तक्रार उरते.

यानंतर संगणक एकदा रीस्टार्ट करावा, कंपनीच्या संकेतस्थळावरून आणलेली ड्रायव्हरची फाइल उजव्या टिचकीने ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवावी आणि तिने सांगेपर्यंत केबल जोडू नये. ही सूचना बऱ्याच प्रिंटरच्या पुस्तिकेतही असते, तरी बहुतेक जण आधी केबल जोडतात आणि विंडोज आपला साधा ड्रायव्हर पुढे करून मोकळी होते.

इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबत असेल तर हातानेही बसवता येते. ‘ॲड डिव्हाइस’ दाबून थोडे थांबले की ‘ॲड मॅन्युअली’ असा पर्याय येतो; त्यात ‘ॲड अ लोकल प्रिंटर’ हा मार्ग घ्यावा, पोर्ट म्हणून यूएसबी००१ निवडावे आणि कंपन्यांची यादी आली की तीत आपले मॉडेल शोधावे. ते नसेल तर ‘विंडोज अपडेट’ हे बटण दाबून धीर धरावा, यादी मोठी व्हायला काही मिनिटे लागतात. किंवा ‘हॅव डिस्क’ दाबून आपण उघडून ठेवलेल्या ड्रायव्हरच्या फोल्डरकडे बोट दाखवावे.

प्रिंटर यादीतून अचानक पूर्ण नाहीसा झाला असेल तर आणखी एक जागा पाहावी. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ हा पर्याय आला आहे. तो मुळात बंद असतो. पण कुणी सुरक्षेसाठी म्हणून चालू केला असेल, तर कंपनीच्या ड्रायव्हरवर चालणारे सर्व प्रिंटर बाजूला पडतात. जुना प्रिंटर वापरायचा असेल तर हा पर्याय बंद करून प्रिंटर पुन्हा जोडावा लागतो.

आता फसवणुकीविषयी, कारण हे कळकळीने सांगणे भाग आहे. प्रिंटरचे नाव आणि ‘ड्रायव्हर’ हा शब्द टाकून शोध घेतला की कंपनीसारख्याच दिसणाऱ्या पानांच्या जाहिराती वर येतात. त्यांवर मदतीचा फोन क्रमांक असतो, फोन केला की समोरचा माणूस दूरून संगणक हाताळण्याचे ॲप टाकायला सांगतो आणि ‘नेटवर्क खराब आहे’ असे सांगून पैसे मागतो किंवा बँकेचे पान उघडायला लावतो. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगून ठेवावे. प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी कंपनी पैसे घेत नाही. पत्ता शोधातून न उचलता प्रिंटरच्या खोक्यावरून किंवा पुस्तिकेतून घ्यावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी.

वाय-फायवरचा प्रिंटर

वाय-फाय प्रिंटर अपग्रेडनंतर सापडत नसेल तर आधी त्याच्याकडून नेटवर्कचे पान छापून घ्यावे. त्या पानावर प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, असतो. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, तेव्हा दोष विंडोजचा नाही. प्रिंटर वाय-फायला पुन्हा जोडावा. घरगुती प्रिंटरपैकी बरेचसे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात, आणि फायबर जोडणीसोबत आलेल्या नव्या राउटरवर कुणी फक्त ५ गिगाहर्ट्झ किंवा फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत) ठेवले असेल तर जुना प्रिंटर त्याला जोडला जात नाही. प्रिंटर मूळ नेटवर्कवर आणि लॅपटॉप ‘गेस्ट’ नेटवर्कवर असेल, तरीही दोघांची गाठ पडत नाही.

पत्ता नीट असेल तर संगणकाकडे वळावे. अपग्रेडनंतर किंवा नव्या विंडोजमध्ये घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ धरले गेलेले असू शकते, आणि तेव्हा फायरवॉल आजूबाजूची उपकरणे शोधू देत नाही. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये आपल्या वाय-फायच्या गुणधर्मांत ते ‘प्रायव्हेट’ करावे. बाहेरच्या, म्हणजे हॉटेल किंवा बसस्थानकावरच्या वाय-फायला मात्र ‘पब्लिक’च ठेवावे.

तरीही प्रिंटर आज दिसतो आणि उद्या ऑफलाइन होतो असे चालले असेल, तर त्याचे पोर्ट पाहावे. विंडोज शोधून काढलेल्या प्रिंटरला पुष्कळदा डब्ल्यूएसडी नावाचे पोर्ट देते आणि ते भरवशाचे ठरत नाही. ‘ॲड मॅन्युअली’मधून ‘टीसीपी/आयपी’ पत्त्याने प्रिंटर जोडावा आणि राउटरमध्ये तोच पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलत नाही. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी एवढ्या एका गोष्टीने पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

एक प्रिंटर, दोन संगणक

दर्शनी खोलीतल्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आणि आतल्या खोलीतून त्यावर छापायचे, ही मांडणी घरगुती कचेऱ्यांत फार आहे. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून वकिलांकडे छपाईचे काम वाढलेले आहे आणि तिथे हीच मांडणी हमखास आढळते. अपग्रेडनंतर अशा ठिकाणी ०एक्स०००००११बी किंवा ०एक्स०००००७०९ असे आकडे दाखवून जोडणी नाकारली जाते.

याचे मूळ २०२१ सालात आहे. त्या वर्षी प्रिंट स्पूलरमध्ये गंभीर सुरक्षा त्रुटी सापडल्या, ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने त्या गाजल्या, आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नेटवर्कवरच्या छपाईचे नियम कडक केले. पुढे २२एच२मध्ये छपाईच्या संदेशवहनाची पद्धत बदलली आणि २४एच२मध्ये पासवर्डशिवाय होणारे ‘गेस्ट’ शेअरिंगही आवळले गेले. म्हणून एक संगणक नवा आणि दुसरा जुना असेल तर दोघांचे बोलणे जमत नाही. आधी दोन्ही संगणकांची सर्व अपडेट पूर्ण करावीत. प्रिंटर जोडलेल्या संगणकावर पासवर्ड असलेले एक खाते करावे आणि दुसऱ्या संगणकावरून त्याच खात्याने प्रवेश करावा. मग दुसऱ्या संगणकावर त्याच मॉडेलचा ड्रायव्हर आधी बसवून, ‘लोकल पोर्ट’ या प्रकारात पहिल्या संगणकाचे नाव आणि शेअर केलेल्या प्रिंटरचे नाव नेटवर्क पत्त्याच्या पद्धतीने (आधी दोन उलट्या तिरप्या रेघा आणि दोन्ही नावांच्या मध्ये एक) लिहून प्रिंटर जोडावा. हा आडमार्ग पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, एक आकडा बदलून ही अडचण मिटवण्याचा उपाय अनेक व्हिडिओंत दाखवतात. त्याने छपाई सुरू होते, पण २०२१मध्ये घातलेले सुरक्षेचे बंधन आपण आपल्या हाताने काढून टाकतो. पक्षकारांची कागदपत्रे किंवा गिऱ्हाइकांची विवरणपत्रे ज्या संगणकावर आहेत तिथे हे करू नये. प्रिंटरला वाय-फाय असेल तर शेअरिंग सोडून दोन्ही संगणक थेट प्रिंटरला जोडणे उत्तम.

छापून येते, पण भलतेच

नव्याने विंडोज घातल्यावर प्रदेश म्हणून अमेरिका राहिली, तर कागदाचा मूळ आकार ‘लेटर’ धरला जाऊ शकतो. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर आणि आपला ए४ २१० बाय २९७ मिलिमीटर. फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो किंवा खालच्या दोन ओळी कापल्या जातात. प्रदेश ‘इंडिया’ करावा आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधून ‘प्रिंटिंग डीफॉल्ट्स’मध्ये ए४ ठेवावा. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मधला बदल फक्त त्या वापरकर्त्यापुरता असतो, ‘प्रिंटिंग डीफॉल्ट्स’मधला सर्वांसाठी. प्रतिज्ञापत्रासाठी लीगल, म्हणजे २१६ बाय ३५६ मिलिमीटरचा कागद लागत असेल तर तो त्या कामापुरता निवडावा.

मराठी मजकुराचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात तो सहसा सापडत नाही. विंडोज ११मध्ये निर्मला यूआय हा फाँट मुळातच असतो. पण मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फाँट ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या ऐच्छिक भागात ठेवलेले आहेत. संगणकाच्या भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी नसेल तर ते बसवलेले नसतात. मग मंगलमध्ये तयार केलेला अर्ज दुसऱ्या फाँटमध्ये उघडतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानावर जातो. दोष मात्र प्रिंटरला दिला जातो. ‘सिस्टिम’मधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन हा भाग जोडावा.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फायली असतील तर तो फाँट बसवल्याशिवाय त्या इंग्रजी अक्षरांच्या गर्दीसारख्या दिसतात आणि तशाच छापल्या जातात. पडद्यावर मजकूर बरोबर आणि कागदावर चौकोन असे होत असेल, तर पीडीएफ करून ॲडोबी रीडरमधून छापावे आणि छपाईच्या खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडावे. वेळ थोडा अधिक लागतो, पण जोडाक्षरे जशीच्या तशी उतरतात.

पानामागून पान निरर्थक चिन्हे येत असतील तर ड्रायव्हर दुसऱ्याच मॉडेलचा आहे. याला एक ज्ञात अपवाद होता : जानेवारी २०२५च्या अखेरीस आलेल्या एका अपडेटनंतर, विंडोज १० आणि विंडोज ११च्या २२एच२ व २३एच२ आवृत्त्यांत, काही यूएसबी प्रिंटर आपणहून नेटवर्कच्या आज्ञांचा इंग्रजी मजकूर छापत सुटले होते. मार्च २०२५मध्ये त्यावर दुरुस्ती आली. असे दिसले तर राहिलेली अपडेट घ्यावीत.

स्कॅनर

छपाई होते पण स्कॅन होत नाही, ही तक्रार वेगळी धरावी, कारण स्कॅनरचा ड्रायव्हर वेगळा असतो. सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘विंडोज इमेज ॲक्विझिशन’ ही सेवा चालू आहे ना ते पाहावे. २४एच२ नवी असताना यूएसबीने जोडलेली, ईएससीएल ही पद्धत वापरणारी काही यंत्रे ओळखली जात नव्हती आणि अशा संगणकांचे अपग्रेड मायक्रोसॉफ्टने रोखून धरले होते. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर स्कॅनर अडत असेल तर कंपनीचे पूर्ण पॅकेज बसवणे हाच मार्ग आहे.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर सिस्टिम बदलल्यावर प्रिंटर अडला तर ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मधील यादीवर कंट्रोल धरून टिचकी द्यावी आणि ‘रीसेट प्रिंटिंग सिस्टिम’ निवडावे. सर्व प्रिंटर यादीतून जातात, ते पुन्हा जोडावे लागतात. एअरप्रिंट ही ॲपलची छपाईची सोय असलेल्या प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

ज्यांचे जुने संगणक टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरच्या अटींमुळे विंडोज ११ घेऊ शकले नाहीत, त्यांतल्या काहींनी लिनक्स मिंट किंवा उबंटू घातले आहे. तिथे ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ आणि पोर्ट ६३१ टाकले की कप्स या छपाई व्यवस्थेचे पान उघडते. एचपीच्या काही लेझर प्रिंटरना एचपीलिप या लिनक्ससाठीच्या एचपीच्या ड्रायव्हरसोबत वेगळा प्लगइन (जोडप्रोग्रॅम) लागतो आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. म्हणून उबंटूची आवृत्ती बदलली की हा प्लगइन पुन्हा बसवावा.

मागे फिरणे, आणि दुकानात जाणे

जुन्या विंडोजवरच नवी चढवली असेल आणि काम अगदीच खोळंबले असेल, तर साधारणपणे १० दिवसांच्या आत ‘सिस्टिम’मधील ‘रिकव्हरी’ या पानावर ‘गो बॅक’ दाबून मागे जाता येते. फायली राहतात, मधल्या काळात बसवलेले प्रोग्रॅम मात्र जातात. पाठिंबा संपलेल्या विंडोज १०वर कायम राहण्यासाठी हा मार्ग वापरू नये. योग्य ड्रायव्हर मिळेपर्यंतची सवड म्हणूनच तो घ्यावा.

ज्यांचे अपग्रेड अजून व्हायचे आहे त्यांनी आजच ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील पोर्ट आणि ड्रायव्हर यांच्या पानांचे मोबाइलवर फोटो घ्यावेत, विंडोजमधूनच एक चाचणी पान छापून ठेवावे, कारण त्यावर ड्रायव्हरचे नाव आणि आवृत्ती येते, आणि ६४ बिट ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा.

एवढे सगळे करूनही प्रिंटर छापत नसेल तर राजारामपुरीतल्या किंवा आपल्या गल्लीतल्या माहितीच्या दुरुस्तीवाल्याकडे जावे, आणि जाताना प्रिंटरचे पूर्ण मॉडेल नाव, विंडोजची आवृत्ती, ‘सिस्टिम टाइप’ची ओळ, पडद्यावर आलेल्या निरोपाचा फोटो, संगणकाशिवाय छापलेले पान आणि आपण कोणत्या पायऱ्या करून पाहिल्या याची टिपण न्यावी. यूएसबी केबलही सोबत न्यावी, म्हणजे तीच सदोष असेल तर तिथल्या तिथे दुसरी लावून पाहता येते.